डिजिटल लेआउटवर इंजिन अडखळतंय? आधी चाकं बघा

"काकू, डिकोडर गेला बहुतेक." शेजारचा बारावीतला मुलगा मॉडेल रेल्वेचं डिझेल इंजिन रुमालात गुंडाळून आमचा जिना चढून आला होता. सरळ रुळावर इंजिन नीट चालायचं. फलाटाजवळच्या सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, आलं की दिवा विझायचा, आवाज बंद पडायचा आणि क्षणात सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. नव्या डिकोडरसाठी, म्हणजे इंजिनातल्या हुकूम वाचणाऱ्या छोट्या संगणकासाठी, त्याने पैसे साठवायलाही घेतले होते. मी इंजिन उलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्याला चाकावरून बोट फिरवायला सांगितलं. बोटाला काजळासारखं काळं लागलं. वीस-पंचवीस मिनिटांनी तेच इंजिन त्याच सांध्यावरून सरळ निघून गेलं.

हे इतक्यांदा घडलंय, की आता कुणी "डिकोडर गेला" म्हटलं की मी आधी चाकं दाखव म्हणते. लातुरात गच्चीवरच्या खोलीत आमचा लेआउट आहे. आठ बाय चार फुटांचा प्लायवूड, त्यावर एचओ (खऱ्याच्या १:८७) मापाचे रूळ आणि एका कडेला नॅरोगेजचा छोटा फाटा, कारण बार्शी लाईट रेल्वेशिवाय जुनं लातूर स्टेशन मला पुरं वाटत नाही. वडील रेल्वेत सांधेवाले होते, आधी पूर्णेला, मग परळीला. सांध्याला तेल देण्याआधी ते तो फडक्याने कोरडा पुसायचे. "मातीवर तेल घातलं की चिखल होतो," म्हणायचे. मॉडेलच्या चाकांनाही हे तंतोतंत लागू आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करते. आपल्याकडे बोगी म्हणजे गाडीचा डबा. इथे बोगी म्हणजे इंजिनाखालची फिरती चौकट, जिच्यात दोन किंवा तीन जोड चाकं बसवलेली असतात.

डिजिटलवर मळ जास्त का जाणवतो

जुन्या डीसी पद्धतीत रुळात शून्य ते बारा व्होल्टपर्यंत वीज सोडली जाते, आणि जेवढी वीज तेवढा वेग. मधेच संपर्क तुटला तर मोटर जरा मंदावते, गाडी जडत्वावर सरकते, पुढे वीज मिळाली की पुन्हा पळते. पाहणाऱ्याला फार तर एक गचका दिसतो.

डीसीसीचं, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल पद्धतीचं, गणित वेगळं. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एनएमआरए या हौशी मंडळींच्या संघटनेने तिचं प्रमाण ठरवलं. एचओ लेआउटवर रुळात साधारण १४-१५ व्होल्ट कायम असतात, इंजिन उभं असलं तरीही. ही वीज सतत उलटसुलट होत राहते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच हुकूम लपलेला असतो. 'एक' या आकड्याचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, 'शून्या'चा अर्धा भाग निदान १०० मायक्रोसेकंदांचा. इंजिनातला डिकोडर हे आकडे वाचतो आणि मोटर, दिवा, भोंगा चालवतो. म्हणजे एकाच रुळातून, एकाच चाकातून, वीजही यायची आणि निरोपही. डिकोडर हा छोटा संगणकच आहे. वीज तुटली की तो बंद पडतो आणि परत आली की पहिल्यापासून सुरू होतो. आवाजाच्या इंजिनात भोंगा तुटतो आणि इंजिन चालू होण्याचा आवाज पुन्हा येतो, तो याचमुळे.

चाक रुळाला टेकतं ती जागा मोहरीच्या दाण्याहून लहान असते. तिथे मळाचा पातळ पापुद्रा आला की बारीक ठिणगी उडते, ठिणगीने धातू आणि मळ दोन्ही जळतात, तिथे काळा थर धरतो आणि पुढची ठिणगी आणखी मोठी उडते. रुळात व्होल्ट कायमच पूर्ण असल्यामुळे डीसीसीवर हे चक्र जोरात फिरतं. म्हणून पापुद्रा पातळ असतानाच काढलेला बरा.

आपल्याकडचा मळ

मराठवाड्यात मळाला तोटा नाही. मार्चपासून मृगापर्यंत काळ्या रानातली बारीक माती वाऱ्यावर असते. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळी प्लायवूडवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. नुसती माती ब्रशने निघून जाईल, पण खाली स्वयंपाकघरातून फोडणीचा धूर येतो, देवघरातून उदबत्तीचा. त्या धुराचा चिकट अंश रुळावर बसतो आणि माती त्याला धरते. जालना-परभणीकडे जिनिंगजवळ राहणाऱ्या एका ताईंच्या लेआउटवर कापसाचे तंतू चाकांच्या आसाला गुंडाळलेले मी पाहिलेत. कूलरचा झोत लेआउटवर घेऊ नका. त्यात पाण्याचे बारीक तुषार असतात, आणि आपलं बोअरचं पाणी इतकं जड की ते वाळले की पांढरे ठिपके राहतात. लोखंडी आसांना गंज चढतो तो वेगळाच.

घरातल्या मळात गाडीचा स्वतःचा मळ मिसळतो. प्लॅस्टिकची चाकं झिजून रुळाला लागतात, इंजिनाच्या रबरी कड्यांचा अंश उतरतो, आणि गिअरला जास्त घातलेलं तेल ओघळत चाकाच्या धावेवर येतं. धाव म्हणजे चाकाचा रुळावर टेकणारा पट्टा. सगळी लढाई त्या पट्ट्याची आहे.

काय जवळ घ्यायचं

जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं मऊ, धुतलेलं, धागे न सुटणारं कापड. दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब अशा दहा-बारा पट्ट्या आधीच कापून ठेवा. कान साफ करायच्या काड्या, लाकडी दातकोरण्या, मऊ ब्रश, चिमटा, भिंग. फोमचा जाड तुकडा, गादीवाल्याकडे कातरणातला मिळतो. मल्टीमीटर असला तर उत्तम.

द्रव दोन. एक, आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात "आयपीए" म्हटलं की मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं पाणीच असतं, ते लोखंडाला चांगलं नाही. दुसरं, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन. पूर्वी हे काम रॉकेलने व्हायचं, आता रॉकेल शोधूनही सापडत नाही.

यातलं चांगलं कोणतं, यावर हौशी लोकांत वाद आहेत. मी दोन्ही वापरते, पण त्यांची कामं वेगळी. अल्कोहोल चिकटा पटकन सोडवतं आणि लगेच उडून जातं, म्हणून जाड मळाला ते. शेवटचा हात टर्पेंटाइनचा, आणि त्यावर कोरडं फडकं. रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोल ध्रुवीय द्रव, टर्पेंटाइन अध्रुवीय. अध्रुवीय द्रवाने पुसलेला धातू जास्त दिवस स्वच्छ राहतो, असा पुष्कळ लोकांचा अनुभव आहे आणि माझाही तोच आहे. नुसत्या अल्कोहोलने पुसलेली चाकं माझ्याकडे लवकर काळी पडतात.

आता जे सांगते ते नीट ऐका. दोन्ही द्रव पेट घेणारे आहेत, आणि आपण त्यांनी ओलं केलेलं कापड ठिणग्या उडणाऱ्या चाकाखाली ठेवणार आहोत. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. रॉकेल-टर्पेंटाइनच्या जातीच्या द्रवांना त्याहून जास्त उष्णता लागते, अडतीस-चाळीस अंशांच्या आसपास. पण लातूर-नांदेडला मे महिन्यात खोलीचं तापमानच तिथे जातं. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, खिडक्या उघड्या ठेवा. वाटीत द्रव ओतून ठेवू नका. पट्टीवर चार-पाच थेंब टाका, पट्टी दुसऱ्या कोरड्या कापडात दाबून घ्या आणि बाटली झाकण लावून खोलीबाहेर ठेवा, मगच वीज सुरू करा. पट्टी हाताला दमट लागली पाहिजे, टपकता कामा नये. देवघरातला दिवा शेजारच्या खोलीत तेवत असेल तर तो शांत होईपर्यंत थांबा.

रुळांपासून सुरुवात

चाकं चकचकीत करून मळक्या रुळावर ठेवली तर दोन फेऱ्यांत होती तशी होतात. लेआउटची वीज बंद करा. मऊ ब्रशने धूळ झाडा. लाकडाच्या सपाट तुकड्याला दमट कापड गुंडाळून दोन्ही रुळांवरून फिरवा, कापडाची जागा बदलत. सांध्यांवर आणि त्यांच्या मधल्या त्रिकोणी भागात मळ जास्त साचतो, तिथे काडीने पुसा. मग कोरडं फडकं. याहून जास्त इथे लिहीत नाही, रूळ हा वेगळा विषय आहे.

वीज सुरू केल्यावर एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. रुळाला वीज पुरवणाऱ्या बूस्टरने त्याच क्षणी ती तोडली पाहिजे. लेआउटच्या सगळ्या टोकांना हे करून बघा. कुठे वीज तुटली नाही, तर तिथली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे, आणि तिथे चाकं साफ करू नका. पाच अँपिअरचा बूस्टर पंधरा व्होल्टवर पंचाहत्तर वॉट देतो. शॉर्ट झालं आणि वीज तुटली नाही, तर तेवढ्या उष्णतेत बोगीचं प्लॅस्टिक वितळतं. साफसफाईत हात, चिमटा, काडी सतत चाकांजवळ असते, शॉर्ट कधी ना कधी होणारच.

इंजिनाला आधी तयार करा

डिजिटल लेआउटवर फडकं लावण्याआधी कंट्रोलरवर थोडं काम असतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

दोन इंजिनं जोडून चालवत असाल तर ती जोडी आधी मोडा. जोडीचा क्रमांक डिकोडरच्या सीव्ही १९ मध्ये राहतो; सीव्ही म्हणजे डिकोडरमधला सेटिंगचा आकडा ठेवायचा कप्पा. तो तसाच राहिला, तर तुम्ही हातातल्या इंजिनाची चाकं फिरवाल आणि दुसरं इंजिन तिकडे मुकाट्याने प्लायवूडच्या कडेकडे चालू लागेल. साफ करायचं नाही ते प्रत्येक इंजिन रुळावरून उचलून ठेवलेलंच बरं.

सीव्ही ३ आणि सीव्ही ४ मध्ये वेग वाढण्या-घटण्याचा संथपणा ठरलेला असतो. आवाजाच्या डिकोडरमध्ये हे आकडे बऱ्याचदा मोठे असतात. तुम्ही थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि कापड ओढून घेतं. साफसफाईपुरते दोन्ही शून्य करा, मूळ आकडे आधी वहीत लिहून घ्या. इंजिनात वीज साठवणारा कपॅसिटर असेल तर रुळावरून उचलल्यावरही चाकं काही सेकंद फिरतात, तेव्हा बोटं सांभाळा. आवाज बंद करायला बऱ्याच डिकोडरमध्ये कंट्रोलरचं एफ-८ बटण असतं.

हे सगळं मुख्य रुळावर करा. प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरचे आकडे बदलायच्या वेगळ्या रुळात करंट मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो, तिथे चाकं फिरणार नाहीत. आणि डिकोडर नसलेलं जुनं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं ठेवू नका. सतत उलटणाऱ्या विजेने त्याची मोटर गुणगुणते आणि तापते. असं इंजिन जुन्या डीसी कंट्रोलरवर, वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर साफ करा. डीसी कंट्रोलरच्या वायरी डीसीसी लेआउटला कधीही टेकवू नका.

पट्टीवर चालवणं

आता मूळ काम. सरळ रुळाचा, हाताला सहज पोचणारा भाग निवडा. दमट पट्टी दोन्ही रुळांवर आडवी अंथरा, दोन्ही टोकं बोटांनी किंवा चिकटपट्टीने धरा. इंजिन असं ठेवा की एक बोगी पट्टीवर येईल आणि दुसरी उघड्या रुळावर. उघड्या रुळावरच्या चाकांतून वीज येईल आणि पट्टीवरची चाकं जागच्या जागी फिरतील.

एका हाताने इंजिन दोन्ही बाजूंनी हलकं धरा. दाबू नका. बऱ्याच डिकोडरमध्ये वेग राखण्याची सोय असते, चाकाला अडवलं की तो मोटरला आणखी वीज देतो. तुम्ही दाबाल तेवढा तो जोर लावेल आणि तापेल मोटर. इंजिनाचं स्वतःचं वजन पुरेसं आहे, तुमचा हात फक्त त्याला पुढे जाऊ न देण्यासाठी. वेग एक तृतीयांशच्या आसपास ठेवा. दहा-पंधरा सेकंद एका दिशेला, मग थांबा, मग तेवढंच उलट दिशेला.

इंजिन उचला आणि पट्टी बघा. दोन काळ्या रेघा दिसतील, रुळांच्या रुंदीएवढ्या अंतरावर, समांतर, ओल्या काजळाच्या. पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण इथे थबकतो, कारण वरून चाक चमकदारच दिसत होतं. रेघा नीट निरखा. दोन्ही सारख्या काळ्या असल्या तर साधा मळ. एक गडद आणि एक फिकी असेल, तर फिक्या बाजूची चाकं पट्टीला धड टेकत नाहीत, किंवा तिकडे रबरी कडी आहे, आणि कडीची बोगी पट्टीवर चालवायचीच नाही, ते पुढे सांगते. रेघेत तपकिरी झाक असली तर तेल जास्त झालंय, गिअर बघावा लागेल. पट्टी सरकवून कोरी जागा घ्या आणि पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी रेघा राखाडी होतात, मग जवळजवळ दिसेनाशा. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. शेवटी टर्पेंटाइनची एक दमट पट्टी आणि तिच्यामागून एक कोरडी.

काही इंजिनांत ही युक्ती चालत नाही. जुन्या बनावटीत एका बोगीतून उजव्या रुळाची वीज आणि दुसरीतून डाव्याची घेतात. वाफेच्या काही इंजिनांत एक बाजू इंजिन घेतं, दुसरी टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा. एक बोगी पट्टीवर गेली की वीजच तुटते. अशांना पाळण्यात निजवायचं.

पाळणा

फोमच्या तुकड्यात इंजिनाच्या रुंदीची खाच कापा आणि आत मऊ कापड अंथरा. इंजिन उलटं निजवा. छतावरचे भोंगे आणि विजेच्या इंजिनाचा पेंटोग्राफ यांच्यासाठी खाचेत जास्तीची जागा काढा, नाहीतर काम चाकांचं आणि मोडतोड वरची होते. दोन बारीक वायरी, एका टोकाला मगरचिमटे रुळांना लावलेले, दुसरं टोक हातात. दोन्ही टोकं उघडी धरू नका. एक टोक चिकटपट्टीने एका बाजूच्या, चाकातून वीज घेणाऱ्या पत्रीवर बसवा आणि दुसरंच हातात ठेवा, म्हणजे ती एकमेकांना टेकण्याची भीती राहत नाही. वायर टेकवली की डिकोडर जागा होतो, मग कंट्रोलरवरून हळू वेग द्या.

काडी किंचित दमट करून फिरत्या चाकाच्या धावेवर टेकवा, पण चाक ज्या बाजूने बाहेर येतंय त्या बाजूने. आत जाणाऱ्या बाजूने धरली तर चाक काडीचा कापूस ओढतं आणि तो गिअरमध्ये अडकतो. एकदा कापूस गिअरमध्ये गेला की इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर नसतं. मी काडीवर धोतराचा पातळ तुकडा गुंडाळते, त्याने हा त्रास बंद झाला.

आता भिंग घ्या आणि धाव जिथे चाकाच्या उंच कडेला मिळते तो आतला कोपरा बघा. पट्टीवर चालवून हा कोपरा कधीच साफ होत नाही. तिथे मळाचं काळं, कडक वेटोळं बसलेलं असतं. दातकोरणीचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून झटका आणि त्या कोपऱ्यात टेकवून चाक हळू फिरू द्या. वेटोळं एका तुकड्यात सुटून येतं, नखाच्या मळासारखं. सांध्यावर चाक वर उचललं जाऊन संपर्क तुटायचा, तो पुष्कळदा या वेटोळ्यामुळे.

पाळण्यात असतानाच चाकाची पाठही बघा. चाकातून वीज घेणाऱ्या पातळ पितळी किंवा कांस्याच्या पत्र्या बहुतेक तिथेच टेकतात. पाठीवरचा मळ पत्रीला लागतो आणि धाव कितीही चमकवली तरी इंजिन अडखळतंच. वीज बंद करा, दमट काडी पत्री आणि चाकाच्या मधून अलगद फिरवा. पत्री वाकवू नका. ती चाकाला जेमतेम टेकायला हवी. जोरात दाबली तर चाक जड फिरतं, सुटली तर वीज नाही. माझ्या एका इंजिनाची पत्री केसभर सुटली होती. मी दोन महिने चाकंच घासत बसले, शेवटी भिंगातून दिसली.

रबरी कड्या आणि बिनमोटरची चाकं

काही इंजिनांच्या एखाद्या जोडीला पकडीसाठी रबरी कडी असते. तिला अल्कोहोल नको आणि टर्पेंटाइन तर मुळीच नको. रबर फुगतं, सैल होतं आणि घसरून येतं. साध्या पाण्याने दमट केलेल्या काडीने पुसून लगेच कोरडं करा. ज्या बोगीला कडी आहे ती पट्टीवर चालवू नका. चकाकणारी, कडक झालेली कडी बदलून टाका.

टेंडरची आणि मोटर नसलेली चाकं हाताने: एका हाताने काडी, दुसऱ्या हाताने चाक फिरवत.

नॅरोगेजच्या छोट्या इंजिनांना जास्त जपा

ब्रिटिश अभियंता कॅलथ्रॉपने आखलेल्या बार्शी लाईटचा पहिला भाग १८९७ मध्ये सुरू झाला, ७६२ मिलिमीटर रुंदीचा. एचओच्या १:८७ प्रमाणात ती रुंदी पावणेनऊ मिलिमीटर भरते, म्हणून तिचं मॉडेल ९ मिलिमीटरच्या रुळावर चालवतात. त्या इंजिनांचा चाकांचा पल्ला फार आखूड असतो आणि वजन कमी. सहा अक्षांच्या डिझेल इंजिनाची बारा चाकं रुळावर असतात, त्यातली दोन मळकी निघाली तरी दहा सांभाळून घेतात. चार चाकांच्या इंजिनाचं एक चाक मळलं की ते सांध्यावर बसलंच म्हणून समजा. मोठ्या इंजिनाच्या एका साफसफाईच्या मागे या छोट्याच्या माझ्या तीन होतात. पट्टीवर ते चालत नाही, थेट पाळणाच. शक्य असेल तर त्यात वीज साठवणारा कपॅसिटर बसवून घ्या, पण मळ काढण्याला तो पर्याय नाही. मळक्या चाकांवर तो लवकर रिता होतो आणि इंजिन थोडं पुढे जाऊन अडखळतं, एवढाच फरक.

डब्यांची चाकं

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली जलदूत गाडी ज्यांनी पाहिली, ते ती विसरणार नाहीत. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या. तीच गाडी मी लेआउटवर उभी केली आहे. टाक्यांच्या वाघिणी स्वस्तातल्या होत्या, चाकं प्लॅस्टिकची. आठवडाभर ही गाडी फिरवली की सगळ्या इंजिनांच्या पट्टीवर गडद रेघा यायच्या. ही प्लॅस्टिकची चाकं रूळभर मळ पसरवत होती. हळूहळू सगळी धातूची केली आणि फरक पहिल्या महिन्यात दिसला. तुमच्याकडे पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर नव्या इंजिनाआधी वाघिणींची चाकं बदला, असं मी अगदी मनापासून सांगेन. तोवर प्लॅस्टिकच्या चाकांवरचा मळ दातकोरणीने खरवडा आणि पाण्याच्या दमट फडक्याने पुसा.

हे वापरू नका

पॉलिश पेपर, भांड्यांची तारेची घासणी, नखांचा रंग काढायचं द्रव, थिनर, पेट्रोल. पॉलिश पेपरने चाकावरचा निकेलचा मुलामा जातो आणि ओरखडे पडतात. पुढचा मळ त्याच ओरखड्यांत घट्ट बसतो आणि पुन्हा घासावं लागतं. तारेची घासणी त्याहून घातक. तिचे तुकडे मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि आत शॉर्ट करतात. सुरुवातीच्या दिवसांत माझं एक इंजिन असंच गेलं, आणि उघडल्यावर चुंबकाला चिकटलेल्या लोखंडी केसांचा पुंजका पाहून मला फार वाईट वाटलं. नखांचा रंग काढणाऱ्या द्रवात बहुधा अ‍ॅसिटोन असतं, ते बोगीचं प्लॅस्टिक खातं.

हातांचं सॅनिटायझरही नको. करोनाच्या काळात घरोघरी त्याच्या बाटल्या होत्या आणि त्यातही अल्कोहोलच आहे म्हणून पुष्कळांनी ते वापरलं. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन चाकावर राहतं आणि धूळ गोळा करतं.

झालं का, हे कसं कळायचं

इंजिन रुळावरून उचला. मल्टीमीटर सलग जोडणीच्या आवाजावर ठेवा, एक टोक डावीकडच्या पुढच्या चाकाला, दुसरं डावीकडच्याच मागच्या चाकाला. सगळ्या चाकांतून वीज घेणारं इंजिन असेल तर आवाज आला पाहिजे. मग उजवीकडे तसंच. आवाज तुटक आला, तर त्या चाकाची पाठ आणि पत्री पुन्हा बघा.

मग खरी परीक्षा. १२८ पायऱ्यांच्या वेगातली पहिली किंवा दुसरी पायरी द्या, खोलीतला दिवा मालवा आणि इंजिनाच्या दिव्याकडे बघत त्याला सांध्यांवरून सरपटू द्या. दिवा कुठे लवला तर ती जागा खडूने खुणावा. प्रत्येक फेरीत तिथेच लवत असेल तर दोष रुळात. जागा बदलत असेल तर चाकात. सगळं मनासारखं झालं की सीव्ही ३ आणि ४ चे वहीतले आकडे परत भरा, जोडी मोडली असेल तर पुन्हा जोडा.

किती दिवसांनी हे करायचं, याला तारीख नाही. दर रविवारी मी प्रत्येक इंजिनाची एक बोगी कोऱ्या कोरड्या पट्टीवर पाच सेकंद फिरवते. रेघ फिकी आली तर सोडून देते, काळी आली तर पुढचं काम. उन्हाळ्यात काळी रेघ लवकर येते, पावसाळा लागला की उशिरा.

आणि खोली झाडण्याआधी लेआउटवर जुनी सुती साडी पसरा. नायलॉनची नको, ती धूळ ओढून धरते. झाडून झाल्यावर अर्धा तास काही हलवू नका, हवेतली माती खाली बसू द्या. मग साडी चारी कडांनी आत दुमडत उचला आणि गच्चीच्या कठड्यावर, वाऱ्याच्या दिशेने झटका.